दंतविद्यालयाच्या दारातील नमस्कार

आमच्या नातीने दंतवैद्य होण्याचा निश्चय जेवणाच्या टेबलाशी जाहीर केला. आमच्या सौभाग्यवतींनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. ह्यांची कवळी तरी कधी नीट बसेल."

त्या हिवाळ्यात आम्ही उभयता इंग्लंडातील रीडिंग गावी लेकीकडे मुक्कामास होतो. पाठशाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली होती. शिकवण्याची सवय मात्र निवृत्त झालेली नव्हती, आणि घरात विद्यार्थी म्हणून उपलब्ध अशी एकटी नातच होती. जन्माने ती इंग्लंडची. तिचे मराठी तिच्या आईने आणि आमच्या दूरध्वनींनी मिळून उभे केलेले असल्यामुळे त्यात लिंगव्यवस्था थोडी स्वैर होती. पण भाव इतका शुद्ध असे, की व्याकरण मागून आले तरी चालेल असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा तिला मानवली नाही. पुढे शाळेत न राहता ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसू लागली, तेथून खुर्चीशेजारी मदतनीस म्हणून उभी राहू लागली, आणि त्या उभे राहण्यातूनच आपण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूस असावे ही इच्छा तिच्यात रुजली. मग तिने गावातल्या कॉलेजात, ज्यांचा सरळ रस्ता पूर्वी चुकला अशा प्रौढांसाठी असलेल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमास नाव घातले. पुण्यातील आमच्या आप्तांना ती 'कॉलेजात आहे' एवढे कळताच त्यांनी अभिनंदनाचे फोन केले. तिकडे कॉलेज म्हणजे शाळेच्या वरची पायरी. इकडे कॉलेज म्हणजे शाळेचीच दुसरी संधी, आणि विद्यापीठाच्या दारात त्या शब्दाने कपाळावर आठी उमटते, हे आप्तांना समजावून सांगण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही. आनंद झाला आहे तर होऊ द्यावा.

आठी उमटते हे आम्हांस लवकरच कळले. तिने ज्या ज्या दंतविद्यालयांकडे अर्ज केले, त्यांतील एक वगळता सर्वांनी मुलाखतही न घेता नकार कळवला. ईमेल आला की ती संगणकापुढून उठून येई आणि म्हणे, "आजोबा, अजून एक नाही आला." नकार आला असा त्याचा अर्थ आम्ही एव्हाना शिकलो होतो. उरलेल्या एका विद्यालयाने, उत्तरेकडील एका शहरातल्या, तिला भेटीस बोलावले. ते दार मिटले तर वर्ष फुकट जाणार होते आणि तिला पुन्हा स्वागतकक्षात बसून इतरांच्या दातांच्या वेळा लिहाव्या लागणार होत्या.

तिच्या कॉलेजातील बाईंनी बजावले होते, की दंतवैद्यकीच्या मुलाखतीत हातांची परीक्षा होते. बोटे सूक्ष्म काम करू शकतात याचा काहीतरी पुरावा जवळ असावा. कोणी विणकाम नेते, कोणी लहान विमाने जोडून नेते, कोणी सतार वाजवतो असे सांगतो.

"मला काहीच येत नाही," नात म्हणाली. "मी फक्त टेक्स्ट फास्ट करते."

सौभाग्यवती त्या वेळी दूरचित्रवाणीवर स्नूकरचा सामना पाहत होत्या. त्या खेळाचा एकही नियम त्यांना ठाऊक नव्हता, परंतु त्यातील शांतता त्यांना देवळासारखी वाटे, म्हणून त्या सामना लागला की मांडीवर कापूस घेऊन वाती वळायला बसत. नजर हिरव्या टेबलावर, बोटे कापसावर. त्यांनी मान न वळवता म्हटले, "वाती वळ की मग."

"दॅट इज नॉट अ स्किल, आजी."

"नाही? बरं. ये, बस. एक फुलवात करून दाखव मला."

नात बसली. केमिस्टकडून आणलेल्या कापसाचा एक पुंजका तिने घेतला, बोटे दुधात बुडवली, आणि बराच वेळ झटून जे निर्माण केले त्याकडे सौभाग्यवतींनी स्नूकर सोडून प्रथमच नीट पाहिले.

"ही वात आहे की उंदराची शेपूट?"

"आजी, डोन्ट बी मीन."

"अगं, उंदीरही गणपतीचाच. पण त्याला पेटवायचं नाही ना आपल्याला. टोक चिमटीत धर. दाबू नको. पिळू नको. तुमच्या दवाखान्यात लोकांच्या गालात कापूस कोंबता तसं नाही हे."

दवाखान्याचा उल्लेख ऐकून नात सावरून बसली. त्या दिवसापासून घरात वातींचा सुकाळ झाला. जावईबापूंच्या कोटाच्या खिशात, फळांच्या परडीत, एकदा तर माझ्या चष्म्याच्या घरातही फुलवाती निघाल्या. शेपट्या आखूड होत गेल्या, मग सरळ झाल्या, आणि एके सायंकाळी पाकळ्यांसारख्या फुललेल्या बुडाची, सुईसारख्या टोकाची एक फुलवात सौभाग्यवतींच्या तळहातावर आली. त्यांनी ती समईच्या डब्यात टाकली. हे प्रमाणपत्र होते.

हातांची तयारी अशी आजीकडे गेल्यावर वाणीची तयारी माझ्याकडे आली. मी तिला म्हटले, आपल्याकडे कोणताही सिद्धान्त मांडण्याआधी त्याच्या विरोधात जे जे म्हणता येईल ते सर्व स्वतःच म्हणून पाहतात. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मी पूर्वपक्ष होईन, तू माझे खंडन कर.

"पूर्वपक्ष म्हणजे बॅड कॉप का?"

मी थोडा विचार केला आणि हो म्हणालो.

पाठशाळेचा एक नियम मात्र मी येथेही पाळला. गुरूला आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केल्यावाचून पाठास आरंभ नाही. ती रोज सायंकाळी बैठकीच्या खोलीचे दार उघडून आत येई, माझ्या पायांना हात लावी, आशीर्वाद घेई, मग समोरच्या खुर्चीत बसे आणि मी तिचा मोठ्या तन्मयतेने अपमान करू लागे.

"कॉलेजातून आलेली मुलगी दंतवैद्य होऊ शकत नाही," मी प्रतिज्ञा मांडी. "कारण तिचा पाया कच्चा आहे. जसे वाळूवर बांधलेले घर."

"पण आजोबा, दातांचा पाया तर हाड असतो."

"विषयांतर! प्राध्यापक दृष्टान्ताने भुलणार नाहीत!"

"पोरीला घाबरवू नका हो," स्वयंपाकघरातून आवाज येई. "प्राध्यापक तुमच्याइतके खवीस नसतील."

एका सायंकाळी मी फारच रंगात आलो. तिच्या उत्तरात मला हेत्वाभास, म्हणजे कारणातली खोट, आढळला आणि मी तर्जनी उंचावून तो दाखवून देत असतानाच माझी वरची कवळी सुटली, वाक्याच्या आधी बाहेर पडली आणि गालिच्यावर जाऊन थांबली. नात उठली, हातरुमालाने ती उचलली, धुऊन वाटीतल्या पाण्यात घालून माझ्यापुढे ठेवली आणि अत्यंत आदराने म्हणाली, "प्रोफेसरचा दात पडला. पूर्वपक्ष संपला का?"

मला उत्तर देता आले नाही. त्याची कारणे उघड आहेत. पण तिने ते ज्या सहजपणे केले, ना किळस ना हसू, त्यावरून ही मुलगी या विद्येस योग्य आहे अशी माझी खात्री पटली. हसू तिला नंतर आले, आणि ते झोपायच्या वेळेपर्यंत पुरले.

मुलाखतीच्या दिवशी लेकीला आणि जावयांना रजा मिळाली नाही, म्हणून तिच्यासोबत मी गेलो. निघताना आजीने तिच्या हातावर दही-साखर ठेवली.

"आजी, साखर? आज? तिथे सगळे डेंटिस्ट आहेत!"

"त्यांना कोण सांगायला चाललंय? चाट आणि नीघ."

तिने ती श्रद्धेने चाटली, आणि आगगाडी सुटताच ब्रश घेऊन डब्यातल्या स्वच्छतागृहात गेली. शुभशकुन आणि मुखशुद्धी अशा दोन्ही बाजू तिने सांभाळल्या, यात मला तरी विसंगती दिसली नाही. मी धोतर, त्याच्या आत जावयांची लोकरी विजार, वर काळा कोट आणि टोपी असा सज्ज होतो.

विद्यालयाच्या प्रतीक्षागृहात भिंतीवर दाढेचे एक चित्र होते, पूर्ण वाढलेल्या माणसाएवढे. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते आणि सर्वच जण कोणत्यातरी विनोदावर हसत असावेत असे दिसत होते. इतर उमेदवार आपापल्या आईवडिलांशेजारी बसले होते. स्वागतकक्षातील बाईंनी यादीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिले आणि सौजन्याने विचारले, "आपलीही मुलाखत आहे का, सर?"

"नाही," मी म्हणालो, "मला केवळ दात हवे आहेत, पदवी नको."

नात कुजबुजली, "आजोबा, प्लीज, जोक नको." ती पिशवीतला कापूस पुन्हापुन्हा चाचपत होती. मी मनातल्या मनात नामजप सुरू केला.

थोड्या वेळाने आतले दार उघडले. एक उंच, पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक उंबरठ्यात आले आणि त्यांच्यामागे एक प्राध्यापिका. प्राध्यापकांनी नातीचे नाव उच्चारण्याचा बराचसा यशस्वी प्रयत्न केला आणि हस्तांदोलनासाठी उजवा हात पुढे केला.

दार उघडले, समोर वडीलधारी व्यक्ती, आता वाद सुरू होणार. इतक्या सायंकाळींची सवय तिच्या कमरेत जाऊन बसली होती. तिने तो पुढे आलेला हात पाहिलाच नाही. ती सरळ वाकली आणि प्राध्यापकांच्या तपकिरी बुटांना हात लावला.

प्राध्यापकांचा हात हवेत राहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उमगल्याचा भाव आला. "कोणी हलू नका!" ते मोठ्याने म्हणाले. "हिची कॉन्टॅक्ट लेन्स पडली आहे!"

आणि ते गुडघ्यांवर बसले. प्राध्यापिकाही बसल्या. स्वागतकक्षातील बाई खणातून विजेरी घेऊन धावल्या. एका उमेदवाराचे वडील पाय उचलून खुर्चीत बसले, पायाखाली येऊ नये म्हणून. तिघे विद्वान प्रकाशझोतात गालिचा धुंडाळू लागले, आणि आमची नात, आता काय बोलावे हे न सुचून, त्यांच्यासोबत स्वतःही शोधू लागली.

मी जवळ गेलो. ती खालूनच पुटपुटली, "आजोबा, सांगा ना काहीतरी!"

"तू सांग. मुलाखत तुझी आहे."

"मी नाही! काय सांगू? मी कॉन्टॅक्ट लेन्स घालतच नाही!"

"मग शोधते आहेस काय?"

"मला काय माहीत!"

तेव्हा मी घसा खाकरला आणि माझे इंग्रजी, जे सावकाश व पदर सावरत चालते, कामाला लावले. "महोदय," मी म्हणालो, "काहीही हरवलेले नाही. परीक्षेपूर्वी गुरुजनांना वंदन करण्याची आमची रीत आहे. मुलीने वंदन केले. केवळ आपला आशीर्वाद यायचा बाकी आहे."

प्राध्यापकांनी गुडघ्यांवरूनच माझ्याकडे वर पाहिले. "म्हणजे लेन्स नाही?"

"नाही."

"आणि मी काहीतरी म्हणायचे आहे?"

"मस्तकावर हात ठेवून. मंगल असावे एवढेच. शब्द आपल्या इच्छेचे."

ते उठले, गुडघे झटकले आणि गंभीर झाले. त्या माणसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांनी तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसा तिच्या डोक्यावर हात धरला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्या हिरड्या सदैव निरोगी राहोत."

"तथास्तु," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

प्राध्यापिका म्हणाल्या, "माझा नंबर हुकला की काय?" नातीने त्यांनाही नमस्कार केला, आणि त्यांनी तिला चांगल्या पाठीचा आशीर्वाद दिला, या धंद्यात वाकून वाकून पाठ जाते, असे त्यांनी मला सांगितले. मग ते तिघे आत गेले आणि दार लागले. विजेरी घेतलेल्या बाई कितीतरी वेळ खोकल्याचे निमित्त करून पाठ फिरवून उभ्या होत्या.

आत काय झाले ते मला परतीच्या गाडीत कळले. पहिलाच प्रश्न प्राध्यापिकांनी विचारला होता, आणि तो माझाच पूर्वपक्ष होता, फक्त सभ्य शब्दांत. तू नेहमीच्या वाटेने आलेली नाहीस. येथील पाच वर्षे कठीण असतात. तुझा टिकाव लागेल असे आम्ही का मानावे?

"मग तू काय उत्तर दिलेस? प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण?"

"सगळा विसरली, आजोबा. एकदम ब्लँक."

"मग?"

"मग मी खरं सांगितलं. आमच्या सर्जरीत, त्या दवाखान्यात, एक म्हातारी बाई यायची. ती हसताना नेहमी तोंडावर हात ठेवायची. नवीन दात बसवल्यावर ती घरी जायला निघाली, आणि परत आत आली, आणि मला एक जोक सांगितला. फालतू जोक. फक्त हात न ठेवता हसायला. मी म्हटलं, सोळा वर्षांची होते तेव्हा मला माहीत नव्हतं अभ्यास कशासाठी करायचा. आता माहीत आहे. कॉलेजमध्ये रोज मी त्याच्यासाठी जाते."

मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो. शास्त्राप्रमाणे ते उत्तर सदोष होते. त्यात अनुमानाचा एकही अवयव जागेवर नव्हता. मला त्यात सुधारण्यासारखे काहीही आढळले नाही.

पुढे हातांचा विषय निघाला तेव्हा तिने पिशवीतून कापूस काढला. दुधाऐवजी त्यांच्याच पेल्यातील पाण्यात बोटे बुडवून तिने फुलवात केली. प्राध्यापकांनी ती भिंगाखाली धरून पाहिली आणि मग त्यांनाही मोह झाला. त्यांच्या हातून ढग तयार झाला. प्राध्यापिकांनी तो ढग त्यांच्या वहीवर ठेवून त्याच्या शेजारी स्वतःचा दुसरा ढग ठेवला, आणि कोणाचा अधिक वाईट यावर दोघांची चर्चा रंगल्यामुळे मुलाखत वेळेपेक्षा लांबली.

"हे तर उत्तमच झाले," मी म्हणालो.

"नाही ना. ते लोक माझ्यावर हसत असणार. लेन्सची मुलगी!" ती कोट डोक्यावरून ओढून बसली. "माझा सीट त्या कार्पेटमध्येच हरवली."

घरी आल्यावर सर्व हकीकत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "नमस्कार केल्यानं कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही." मग थोडे थांबून, "त्या बिचाऱ्या प्राध्यापकांचे गुडघे कसे आहेत, विचारलंत का?"

उत्तर येईपर्यंतचे दिवस बिकट गेले. आजीने गणपतीस नवस बोलला, की निकाल लागेपर्यंत आल्याची बिस्किटे वर्ज्य. इंग्लंडातील सर्व गोष्टींत तीच एक त्यांना मनापासून आवडत असे. चौथ्या प्रहराच्या चहाला त्या रिकाम्या बशीकडे पाहून उसासा टाकीत आणि नातीला विचारीत, "त्या लोकांना एवढा विचार कसला करायचाय गं? दात मोजताहेत का?" नात कॉलेजातून आली की कोट न काढताच संगणक उघडी, आणि मग आम्हांला काही विचारण्याची गरज राहत नसे. एकदा तिने आईला सांगितलेले मी ऐकले, की नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी ती अर्जच करणार नाही.

लेकीच्या घरी देवांची स्थापना वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात केलेली होती. तेथे टॉवेल उबदार राहतात. मग देवांनीच थंडीत का बसावे, असा जावयांचा युक्तिवाद होता आणि मला तो बिनतोड वाटला. मी कपाटापुढे पाट मांडून रोज पूजा करीत असे, आणि संकल्पापासून आरतीपर्यंत मौन पाळीत असे. तो माझा मुंजीपासूनचा नेम.

एका सकाळी अभिषेक चालू असताना जिन्यावर धावती पावले वाजली आणि नात माझ्याशेजारी येऊन बसली. केस ओले होते आणि एका पायात मोजा होता.

"आजोबा."

मी देवांवर पाण्याची धार धरून होतो.

"आजोबा, ईमेल आली."

मी भुवया उंचावल्या. मला तेवढेच करता येण्यासारखे होते.

"तुम्ही विचारणार नाही का?" ती पुढे वाकून माझ्या तोंडाकडे पाहू लागली. "रागावले का? ओ, सॉरी, सॉरी. तुमचं मौन. ओके. मी सांगते. कंडिशनल ऑफर आहे. म्हणजे हा कॉलेजचा कोर्स ते म्हणतात तितका चांगला पूर्ण केला, तर सीट माझी. आजोबा, त्यांनी कॉलेजला हो म्हटलं! आणि खाली लिहिलंय," ती आता हसत होती की रडत होती ते पाण्यामुळे मला नीट दिसले नाही, आणि ते पाणी अभिषेकाचे नव्हते, "लिहिलंय की प्रोफेसर अजून वाती वळायची प्रॅक्टिस करतायत."

माझ्या मनात किती शब्द उसळले ते देवालाच ठाऊक. त्यालाच ठाऊक राहिले. एकही उच्चारण्याची सोय नव्हती. जवळ घंटा होती. मी ती उचलली आणि वाजवू लागलो.

"अहो!" खालून सौभाग्यवतींचा आवाज आला. "नैवेद्याचा भात अजून शिजतोय! एवढ्यात कसली आरती काढलीत?"

मी वाजवतच राहिलो. नात टाळ्या वाजवून ताल धरू लागली. ताल चुकत होता. लेक ब्रश तोंडात तसाच ठेवून खोलीबाहेर आली. शेजाऱ्यांनी भिंतीवर दोनदा ठोकले.

"अहो, ऐकू येतंय का? झालंय काय तुम्हांला?"

नातीने सांगायला तोंड उघडले, पण घंटेपुढे तिचा आवाज खाली पोहोचेना. आणि माझ्याकडे तर अजून अर्धी पूजा बाकी होती.